दोन विद्यापीठं, एक परदेशी अभ्यासक्रम : पहिल्यांदा आखणाऱ्या प्राध्यापकांसाठी

दोन वेगवेगळ्या विद्यापीठांतले दोन प्राध्यापक मिळून विद्यार्थ्यांना दोन-तीन आठवडे परदेशात नेतात, तिथे एक पूर्ण अभ्यासक्रम शिकवतात आणि विद्यार्थ्यांना त्याचे क्रेडिट आपापल्या विद्यापीठात मिळतात. या लेखात आपण अशा अभ्यासक्रमाबद्दल बोलणार आहोत. सत्रभराची विद्यार्थी-अदलाबदल हा प्रकार वेगळा. तिथे विद्यार्थी यजमान विद्यापीठाच्या ताब्यात जातो. इथे शिक्षकच सोबत जातो, त्यामुळे शिकवण्यापासून मध्यरात्रीच्या तापापर्यंत सगळं त्याच्या अंगावर असतं.

दोघांची मैत्री, एका परिषदेत रंगलेली चर्चा, एक सुंदर कल्पना, इथून बहुतेक अभ्यासक्रम सुरू होतात. पण करार मित्रांमध्ये होत नाही. तो दोन संस्थांमध्ये होतो, आणि त्या संस्थांची कॅलेंडरं, शुल्कपद्धती, शिस्तीचे नियम, विमा यातलं काहीच जुळत नसतं. कुठल्या गोष्टीची जबाबदारी कुणाची, हे विद्यार्थ्यांचे अर्ज मागवण्याआधी कागदावर आलं पाहिजे. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीचा हेतू हाच आहे.

पायरी १ : आधी एकमेकांना अवघड प्रश्न विचारा

पहिला प्रश्न : हा अभ्यासक्रम दोघांपैकी एकाला एकट्याने शिकवता आला असता का? उत्तर ‘हो’ असेल तर सहकार्याचा खटाटोप कशासाठी, ते पुन्हा तपासा. फक्त विद्यार्थिसंख्या भरावी म्हणून केलेली भागीदारी पहिल्याच वर्षी दमते.

लेखभर एकच उदाहरण हाताशी ठेवू. नेदरलँड्समध्ये ‘पाणी आणि शहर’ या विषयावर तीन क्रेडिटचा अभ्यासक्रम. एक प्राध्यापक स्थापत्य अभियांत्रिकीचे, दुसऱ्या इतिहासाच्या. १९५३ च्या ३१ जानेवारी ते १ फेब्रुवारीच्या रात्री तिथे समुद्राचं पाणी बांध फोडून आत आलं आणि १,८३६ माणसं गेली. त्यानंतर उभी राहिलेली धरणं आणि पूररोधक दारं अभियंता समजावून सांगेल. पण ती उभारायचा निर्णय समाजाने कसा घेतला, कुणाची जमीन गेली, मासेमारीचं काय झालं, हे सांगायला इतिहासकारच लागेल. इथे दोघांची गरज खरी आहे.

पैसे, कामाचे तास आणि स्वभाव यांबद्दलही याच टप्प्यावर मोकळं बोला. दोघांनाही मानधन मिळणार आहे का? एकाला मिळतं आणि दुसऱ्याच्या संस्थेत हे ‘सेवा’ म्हणून धरतात, असं बऱ्याचदा असतं. ते आधीच माहीत असलेलं बरं. सोबत कुटुंब आणायचंय का? रात्री दोन वाजता दवाखान्यात जायची कुणाची तयारी आहे? दारूबद्दल, उशिरा येणाऱ्यांबद्दल दोघांची सहनशक्ती किती? या गोष्टी परदेशात पहिल्यांदा उघड झाल्या, तर त्या विद्यार्थ्यांसमोरच उघड होतात.

पायरी २ : अठरा महिने मागे मोजा

निघायच्या तारखेपासून मागे मोजत जा. अठरा ते पंधरा महिने आधी कल्पना पक्की करून दोन्ही विभागप्रमुखांशी आणि दोन्ही आंतरराष्ट्रीय विभागांशी बोलणं. चौदा ते बारा महिने आधी अभ्यासक्रमाची मंजुरी आणि कराराचा मसुदा. बारा ते दहा महिने आधी शक्य असेल तर जागेची पाहणी, आणि अंदाजपत्रक. नऊ ते सात महिने आधी प्रसिद्धी आणि अर्ज. सहा महिने आधी निवड आणि पहिला हप्ता. त्यानंतर व्हिसा, तिकिटं आणि प्रवासापूर्वीची सत्रं.

दोघांनी आपापलं शैक्षणिक वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून बघावं. परीक्षा संपण्याची तारीख, निकाल देण्याची अंतिम तारीख, उन्हाळी सत्राच्या नोंदणीची खिडकी, या तीन तारखा जुळल्या नाहीत तर कितीही चांगली कल्पना अडून बसते. एकाचं सत्र मेच्या सुरुवातीला आणि दुसऱ्याचं जूनच्या मध्याला संपत असेल, तर प्रवासाची खिडकी उशिरा सुटणाऱ्याच्या तारखेपासून मोजायची.

पायरी ३ : अभ्यासक्रम कुणाच्या नावावर?

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थोडं थांबू. ढोबळमानाने तीन रचना आहेत.

पहिली : एकच विद्यापीठ मालक. सगळे विद्यार्थी तिथे नोंदणी करतात, दुसऱ्या विद्यापीठाचे विद्यार्थी पाहुणे म्हणून दाखल होतात आणि क्रेडिट नंतर आपल्या संस्थेत वर्ग करून घेतात. प्रशासनाला हे सोपं असतं. पाहुण्या विद्यार्थ्याला मात्र वेगळा प्रवेशअर्ज, वेगळं शुल्क, गुणपत्रिका मागवणं, क्रेडिट वर्ग होईल की नाही याची धाकधूक, सगळं सोसावं लागतं. शिष्यवृत्ती किंवा शैक्षणिक कर्ज परक्या संस्थेच्या शुल्काला चालेल का, हेही विचारावं लागतं.

दुसरी : दोन्ही विद्यापीठांत समांतर नोंदणी. अभ्यासक्रम एक, पण प्रत्येक संस्थेत त्याला स्वतःचा क्रमांक. विद्यार्थी आपल्याच घरी नोंदणी करतो, आपलंच शुल्क भरतो, गुण आपल्याच गुणपत्रिकेवर येतात. शिकवणं एकत्र.

तिसरी : सेवा पुरवणारी बाहेरची संस्था. राहणं, वाहतूक, वर्गखोली, स्थानिक मदत ती बघते आणि दोन्ही विद्यापीठं तिच्याशी स्वतंत्र करार करतात. खर्च वाढतो, पण दोन विद्यापीठांनी एकमेकांशी पैशांचा व्यवहार करण्याची भानगड टळते.

पहिल्या खेपेला आमचा कौल दुसऱ्या रचनेला, आणि जागा अनोळखी असेल तर तिला तिसरीची जोड. फक्त एक खाच लक्षात ठेवा. समांतर नोंदणीत एका संस्थेत अकरा आणि दुसरीत पाच विद्यार्थी आले, तर एकूण सोळा होतात आणि दौरा छान चालतो. पण दुसऱ्या संस्थेच्या संगणकाला फक्त ‘पाच’ दिसतात, आणि किमान संख्येखालचे वर्ग रद्द करण्याच्या नियमाने तो क्रमांक एका सकाळी रद्द होतो. त्यामुळे किमान संख्या ही दोन्ही संस्थांची बेरीज धरून मोजली जाईल, असं वाक्य करारात हवंच. त्याची प्रत दोन्हीकडच्या अधिष्ठात्यांकडे आणि नोंदणी विभागाकडे पोचली पाहिजे. नोंदणी विभागाचं नाव इथे मुद्दाम घेतलं आहे, कारण वर्ग रद्द करण्याचं बटण तिथेच असतं.

पायरी ४ : क्रेडिटचे तास मांडून दाखवा

‘तीन क्रेडिट’ म्हणजे सगळीकडे तेवढाच अभ्यास, हा गैरसमज आहे. अमेरिकी सत्रपद्धतीत एका क्रेडिटमागे साधारण पंधरा आठवडे दर आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास वर्गाबाहेरचं काम धरतात. म्हणजे तीन क्रेडिटला ४५ वर्गतास आणि ९० तास बाहेरचे, एकूण १३५. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे एकूण २५ ते ३० तास मोजतात. ब्रिटनच्या पद्धतीत वर्षाला १२० क्रेडिट असतात, म्हणून दोन ब्रिटिश क्रेडिट म्हणजे एक ईसीटीएस. अमेरिकी वर्ष ३० क्रेडिटचं असल्याने एक अमेरिकी क्रेडिट म्हणजे दोन ईसीटीएस, असा हिशेब रूढ आहे.

आता गंमत बघा. या हिशेबाने तीन अमेरिकी क्रेडिट म्हणजे सहा ईसीटीएस. पण सहा ईसीटीएसला १५० ते १८० तास लागतात आणि अमेरिकी बाजूचे तास १३५ भरतात. तेव्हा एक भागीदार या पद्धतीचा आणि दुसरा त्या पद्धतीचा असेल, तर १५ ते ४५ तासांचं जास्तीचं काम आखावं लागेल : मोठा प्रकल्प, जास्त वाचन, एखादा अहवाल. मंजुरी समितीला हे दिसलं नाही तर फाइल परत येते.

‘पाणी आणि शहर’चे वर्गतास असे बसतात. एकूण १४ दिवस, त्यातून प्रवासाचा एक आणि सुट्टीचे दोन वजा केले की ११ उरतात. प्रवासापूर्वी दोन-दोन तासांची चार ऑनलाइन सत्रं, म्हणजे ८ तास. परतल्यावर दोन सत्रं, ४ तास. उरलेले ३३ तास अकरा दिवसांत, म्हणजे रोज तीन. वर्गाबाहेरचे ९० : आधीचं वाचन ३०, तिथे रोज दोन तास नोंदवही आणि तयारी मिळून २२, अंतिम प्रकल्प ३८.

क्षेत्रभेटीचा तास पूर्ण धरायचा की अर्धा, हे दोन्ही संस्थांकडून लेखी घ्या. काही ठिकाणी प्रयोगशाळेसारखा हिशेब करतात, दोन तासांना एक. नुसती रमतगमत केलेली शहरफेरी कुठलीच समिती मोजत नाही, आणि मोजूही नये.

पायरी ५ : करार

प्राध्यापकाला सहसा संस्थेच्या वतीने सही करायचा अधिकार नसतो. हॉटेलच्या साध्या आरक्षणपत्रावर केलेली सहीही अंगलट येऊ शकते, कारण संस्थेने जबाबदारी नाकारली तर ती वैयक्तिक ठरते. कुणाची सही चालते ते आधी शोधा. विधी विभागातून मसुदा फिरून यायला तीन-चार महिने सहज लागतात.

सामंजस्य करारात सहसा ‘आम्ही मिळून काम करू’ एवढंच असतं. तो आधीच झालेला असेल तर चांगलंच, पण त्यावर दौरा निघत नाही. या विशिष्ट अभ्यासक्रमासाठी वेगळा करार लागतो. त्यात काय नक्की हवं :

- खर्चाची वाटणी, आणि दौरा रद्द झाला तर कोण किती सोसणार, तारखेनुसार.
- किमान आणि कमाल विद्यार्थिसंख्या, आणि ‘निघायचं की नाही’ या निर्णयाची एकच तारीख.
- एका प्राध्यापकाला ऐनवेळी येता आलं नाही तर बदली कोण. बदलीचं नाव आधीच ठरलेलं असावं आणि त्या व्यक्तीचा पासपोर्ट चालू असावा.
- एका संस्थेचा प्राध्यापक दुसऱ्या संस्थेच्या विद्यार्थ्याला शिस्तीखाली परत पाठवू शकतो का, आणि कुणाच्या नियमांनी.
- विमा : दोन्ही संस्थांच्या दायित्व विम्याची प्रमाणपत्रं, आणि परक्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत आपल्या प्राध्यापकाला संरक्षण आहे की नाही याचं स्पष्ट उत्तर.
- विद्यार्थ्यांची माहिती कुणाला किती दिसेल. युरोपीय संघातला माहिती-संरक्षण नियम, म्हणजे जीडीपीआर, मे २०१८ पासून लागू आहे, आणि आरोग्याची माहिती त्यात विशेष संवेदनशील धरली जाते. एकत्र स्प्रेडशीटमध्ये सगळ्यांचे आजार लिहून दोन्हीकडे फिरवणं हा सरळ भंग आहे.

यातला चौथा मुद्दा सगळ्यांना नकोसा वाटतो, म्हणून तो राहून जातो. समजा, खोलीत दारू पिऊन गोंधळ घालणारे दोघे आहेत, एक या विद्यापीठाचा, एक त्या. एका संस्थेच्या नियमांनुसार पहिल्याच वेळी घरी पाठवतात, दुसरीत आधी लेखी ताकीद. एकच चूक, दोन वेगळ्या शिक्षा, आणि सगळा गट बघतोय. यावर उपाय म्हणजे दौऱ्यापुरती सामाईक आचारसंहिता. दोन्ही संस्थांच्या नियमांपैकी जो कडक तो घ्यायचा आणि प्रत्येक विद्यार्थ्याची सही आधीच घ्यायची.

पायरी ६ : अंदाजपत्रक

आकडे निव्वळ उदाहरणादाखल आहेत, चलन कुठलंही धरा. खर्च दोन ढिगांत मांडा. विद्यार्थी कमी-जास्त झाले तरी न बदलणारा : दोन्ही प्राध्यापकांचा प्रवास आणि राहणं ७,०००, बस ५,५००, वर्गखोली आणि पाहुणे व्याख्याते २,५००, आधीची पाहणी २,०००, किरकोळ १,०००. एकूण १८,०००. दुसरा ढीग डोईमागचा : राहणं, प्रवेशशुल्क, स्थानिक पास, विमा, काही जेवणं मिळून १,९००.

वीस विद्यार्थी आले तर प्रत्येकी ९०० अधिक १,९००, म्हणजे २,८००. बारा आले तर १,५०० अधिक १,९००, म्हणजे ३,४००. नवखे प्राध्यापक वीसची आशा धरून २,८०० जाहीर करतात. बारा येतात. जमा होतात ३३,६००, लागतात ४०,८००. खड्डा ७,२०० चा. म्हणून दर नेहमी किमान संख्येवर काढा आणि जास्त आले तर उरलेले पैसे परत करा किंवा कार्यक्रमात घाला. विनिमय दरासाठी पाच ते सात टक्के आणि अचानक खर्चासाठी तेवढेच वेगळे ठेवा.

वाटणीचा प्रश्न निघाला की सरळ ‘निम्मे-निम्मे’ म्हणायचा मोह होतो. बारापैकी आठ एका संस्थेचे आणि चार दुसरीचे असतील, तर न बदलणाऱ्या १८,००० चे निम्मे ९,००० प्रत्येकीकडे गेले, की पहिलीच्या विद्यार्थ्याला १,१२५ पडतात आणि दुसरीच्याला २,२५०. एकाच बसमध्ये शेजारी बसलेल्या दोघांनी इतकं वेगळं भरलं असेल, तर पहिल्या संध्याकाळी ते सगळ्यांना कळतं. सामाईक खर्च डोईमागे वाटा. पगार-मानधन मात्र ज्याच्या त्याच्या संस्थेने बघावं.

हॉटेलच्या आरक्षणात मोफत रद्द करण्याची शेवटची तारीख असते. ती तुमच्या ‘निघायचं की नाही’ तारखेनंतर किमान आठवडाभराने पडेल, अशी बोलणी करा. उलट झालं तर विद्यार्थी नक्की व्हायच्या आधीच पैसे अडकतात.

पायरी ७ : एकत्र शिकवणं म्हणजे काय

‘पहिला आठवडा तुमचा, दुसरा माझा’ ही सोपी वाटणी, पण तिने एका तिकिटात दोन अभ्यासक्रम होतात. त्याऐवजी रोजचा एक प्रश्न ठरवा, ज्याचं उत्तर द्यायला दोन्ही विषय लागतील. एक दिवस जवळून बघू.

रॉटरडॅममध्ये मुक्काम. सकाळी ७:४५ ला हजेरी, ८ ला बस. साडेनऊच्या सुमाराला आउवरकेर्क गावचं पूरसंग्रहालय. बांधाचं शेवटचं भगदाड नोव्हेंबर १९५३ मध्ये ज्या चार अवाढव्य काँक्रीट पेट्यांनी बुजवलं, त्या पेट्यांच्या आतच हे संग्रहालय आहे. म्हणजे विद्यार्थी ज्या भिंतींमध्ये उभे असतात, ती भिंतच अभ्यासाची वस्तू आहे. पहिली ४५ मिनिटं दोन्ही प्राध्यापक बाहेर उभे राहून एकत्र बोलतात. अभियंता सांगतो की वाहत्या भरतीत पेटी नेमक्या कुठल्या घडीला बुडवायची आणि घडी चुकली तर काय. इतिहासकार विचारते की नोव्हेंबरपर्यंत हे गाव भरती-ओहोटीच्या पाण्यात होतं, तर माणसं कुठे होती. मग ७५ मिनिटं विद्यार्थी जोड्यांनी आत. प्रत्येक जोडीत दोन विद्यापीठांचा एकेक जण, हातात दोनच प्रश्न. जेवणानंतर दीड ते तीन चर्चासत्र.

वर्गतास मोजा : ४५ अधिक ९० मिनिटं पूर्ण, ७५ ची अर्धी साडेसदतीस. एकूण १७२ मिनिटांच्या आसपास. पन्नास मिनिटांचा वर्गतास धरला तर साडेतीनला जरासे कमी. रोजचे तीन तास आरामात भरले, तेही संग्रहालयाची भेट अर्धी धरून.

बसच्या माइकवर व्याख्यान ठेवू नका. अर्धे झोपतात, काहींना मळमळतं, आणि मागच्या रांगांना काही ऐकू येत नाही. बसचा आणखी एक नियम अभ्यासक्रमावर परिणाम करतो. युरोपीय संघात चालकाने साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबावंच लागतं, आणि दिवसाची सलग विश्रांती सर्वसाधारणपणे ११ तासांची. रात्री दहाला परत आलात तर तोच चालक सकाळी सातला सहसा मिळणार नाही. उशिराच्या कार्यक्रमानंतरची सकाळ पायी फिरण्याची ठेवा.

गुण देण्यासाठी एकच निकषतक्ता बनवा. पहिले पाच-सहा निबंध दोघांनी स्वतंत्र तपासून आकडे जुळवून बघा. एकाची पद्धत अक्षरश्रेणीची आणि दुसऱ्याची टक्क्यांची असेल तर आधी टक्क्यांत गुण द्या, मग प्रत्येक संस्थेने आपल्या कोष्टकाने बदलावेत. कुठल्या टक्क्याला कुठली श्रेणी, ते सुरुवातीलाच दोन्ही गटांना दाखवा.

पायरी ८ : निवड आणि गट जुळवणं

अर्जाचा नमुना एक, मुलाखतीला दोघेही हजर. निवडीनंतर दोन महिन्यांच्या आत पहिलं सामाईक ऑनलाइन सत्र घ्या आणि त्यात मिश्र जोड्यांना खरं काम द्या. तसं न केल्यास दोन कंपू विमानतळावरच दिसतात. खोल्याही मिसळूनच वाटा, पण आधी विचारून.

पायरी ९ : व्हिसा, औषधं, विमा

गटातल्या सगळ्यांचं नागरिकत्व सारखं नसतं, हे विसरू नका. एकाला व्हिसा लागत नाही आणि शेजारच्याला दोन महिने लागतात. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे नेदरलँड्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात, अल्प मुक्काम कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचा. व्हिसा लागणाऱ्यांना अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, ते ४५ पर्यंत वाढू शकतात. वैद्यकीय प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोऱ्या पानांचा हवा. निवड झाली त्याच दिवशी सगळ्यांचे पासपोर्ट तपासा. सत्र सुरू असताना व्हिसाच्या भेटीच्या वेळा मिळवणं जिकिरीचं होतं, म्हणून आमंत्रणपत्रं दोन्ही विद्यापीठांच्या लेटरहेडवर लवकर तयार ठेवा.

परदेशातून आलेला आणि तुमच्या विद्यापीठात शिकणारा विद्यार्थी असेल, तर त्याला परत आत येण्याची परवानगी आहे का तेही बघा. पुढच्या देशाचा व्हिसा मिळाला, पण परतीचा संपलेला, ही अडचण निघण्याच्या आठवड्यात सुटत नाही.

औषधांची चौकशी गोपनीय ठेवून, पण नक्की करा. एका देशात डॉक्टर रोज लिहून देतात ते दुसरीकडे बेकायदा असू शकतं. लक्ष एकाग्र होण्यासाठी दिली जाणारी ॲम्फेटामिनयुक्त औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत, चिठ्ठी असली तरी.

विम्याची पॉलिसी सगळ्या गटाला शक्यतो एकच घ्या. दोन पॉलिसी असतील तर आपत्कालीन दूरध्वनी दोन, अटी दोन. गट एकाच अपघातात सापडला, तर कुणासाठी कुठे फोन करायचा, यात मोलाची मिनिटं जातात. वैद्यकीय स्थलांतर (रुग्णाला दुसऱ्या दवाखान्यात किंवा मायदेशी हलवणं), मानसिक आरोग्याचे उपचार आणि आधीपासूनचे आजार त्यात आहेत का, ते वाचून घ्या.

पायरी १० : तिथे पोचल्यावर

शिकवण्याचे निर्णय दोघांचे, सुरक्षिततेचा निर्णय एकाचा. त्या दिवशी तो ‘एक’ कोण, हे वेळापत्रकावर छापलेलं असावं. रात्रीची पाळी आलटून पालटून. पाळी ज्याची, तो दारू घेत नाही आणि फोन बंद करत नाही. एक विद्यार्थी दवाखान्यात गेला तर एक प्राध्यापक त्याच्यासोबत जातो आणि दुसरा उरलेल्या सगळ्यांना घेऊन दिवस पुढे नेतो. दोन प्राध्यापक असण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच. म्हणून दोघांनाही एकमेकांचं व्याख्यान कामचलाऊ का होईना, पण घेता आलं पाहिजे.

हजेरी नावं वाचून घेऊ नका, वेळ जातो. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि विद्यार्थ्यांनीच तो क्रमाने म्हणायचा. अठरा जणांची हजेरी पंधरा-वीस सेकंदांत होते. मेट्रोत चढताना एक प्राध्यापक पहिला, एक शेवटचा. कुणी मागे राहिलाच तर त्याने तिथेच थांबायचं आणि पुढच्यांनी पुढच्या स्थानकावर उतरायचं, हा नियम पहिल्या दिवशी सांगा. युरोपीय संघात कुठूनही आपत्कालीन क्रमांक ११२. तो विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये नुसता असून भागत नाही, राहत्या जागेचा पत्ताही स्थानिक लिपीत आणि उच्चारासह असावा.

रोज रात्री पंधरा मिनिटं दोघांनी बसायचं : आज काय झालं, उद्या काय, कोण गप्प गप्प आहे. मतभेद असतील तर याच वेळी काढायचे. घडलेली प्रत्येक लहानमोठी घटना तारीख, वेळ, कुणाला कळवलं, या तीन गोष्टींसह वहीत लिहा. छळाची किंवा अत्याचाराची तक्रार कानावर आली तर कळवण्याचं बंधन दोन्ही संस्थांत सारखं नसतं. अमेरिकेत शिक्षणातला लिंगभेद रोखणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा आणि विद्यापीठांना आवारातले गुन्हे जाहीर करायला लावणारा १९९० चा क्लेरी कायदा यांमुळे विद्यापीठांनी आपल्या कर्मचाऱ्यांवर अशा बाबतीत ठरावीक कर्तव्यं टाकलेली असतात. तुमचा भागीदार तिथला असेल, तर ‘हे आपल्यातच राहील’ असा शब्द विद्यार्थ्याला तो देऊ शकणार नाही. हे दोघांनाही निघण्यापूर्वी माहीत हवं आणि विद्यार्थ्यांनाही सांगितलेलं हवं.

पायरी ११ : परतल्यावर

निकालाची अंतिम तारीख दोन्हीकडे वेगळी असेल तर लवकरची धरा. प्रकल्पाला वेळ कमी पडत असेल, तर निकाल ‘अपूर्ण’ ठेवण्याची सोय दोन्हीकडे आहे का ते आधीच विचारून ठेवा, कारण काही विद्यार्थ्यांची पदवी किंवा शिष्यवृत्ती त्या एका ओळीसाठी अडते. पावत्या परतीच्या विमानातच लावून टाका. दोन आठवड्यांनी ‘हे ४२ कशाचे’ याचं उत्तर दोघांपैकी कुणालाच आठवत नाही. विद्यार्थ्यांचं मत घेण्याचा नमुना एकच ठेवा, पण उत्तरं संस्थेनुसार वेगळी काढून बघा. एका गटाला काम जास्त वाटलं आणि दुसऱ्याला कमी, असं निघालं तर प्रवासापूर्वीच्या सत्रांत एकाच गटाची तयारी झाली होती. पुढच्या वर्षी दुरुस्ती तिथून सुरू करायची, आणि पुढच्या वर्षाची अठरा महिन्यांची मोजणी तोवर सुरू झालेलीच असते.